सिंगल टर्बो करताना व्हॅक्युम नळ्यांचं काय करायचं? आरएक्स-७ हातात घेणाऱ्या नवख्यांसाठी

माझदा आरएक्स-७ च्या इंजिनावरचा वरचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा वाटून देणारा भाग, पहिल्यांदा उचलला की खाली नळ्यांचा जो गुंता दिसतो, त्याला जगभरचे आरएक्स-७ वाले उंदराचं घरटं म्हणतात. मला तो पाहून आमच्या पेठेतल्या जुन्या वाड्यातला मीटरबोर्ड आठवला. प्रत्येक बिऱ्हाडाची वायर वेगळी, कुठली कुठे जाते हे एकाच वायरमनला ठाऊक, आणि तो रिटायर होऊन गावी गेलेला.

मी ऑकलंडला राहतो. इथे जपानहून आलेल्या जुन्या रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरच्या इंजिनाच्या) गाड्या पुष्कळ आहेत, त्यामुळे माझ्यासारखा हौशी माणूसही घरच्या गॅरेजमध्ये असले उद्योग करू शकतो. हा लेख तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे १९९१ ते २००२ दरम्यान बनलेल्या एफडी आरएक्स-७ बद्दल आहे. इंजिन १३बी-आरईडब्ल्यू: दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, आणि मूळचे दोन टर्बो. हे दोन काढून एक मोठा बसवायचा, हे कुठलंही किट विकणारा समजावून सांगतो. नळ्यांबद्दल मात्र तो एक धूसर आकृती देतो आणि हात झटकतो.

सुरुवातीलाच कायद्याचं बोलून घेऊ. न्यूझीलंडमध्ये असा बदल केला तर लो व्हॉल्युम व्हेईकल सर्टिफिकेशन करून घ्यावं लागतं, आणि सर्टिफायरला आधी विचारलेलं बरं, कारण बसवलेलं पुन्हा काढायला लागणं फार जिवावर येतं. भारतातून वाचत असाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचून ठेवा. आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाहीत असे बदल तिथे चालत नाहीत.

एवढ्या नळ्या मुळात होत्या कशाला

माझदाने दोन टर्बो एकामागून एक कामाला लावले होते. साधारण ४,५०० आरपीएमपर्यंत पहिला टर्बो एकटाच राबतो. त्याआधी थोडा वेळ दुसऱ्याला एक्झॉस्टची थोडी हवा देऊन फिरतं ठेवलं जातं, मग एक झडप उघडते, दुसरी बंद होते, आणि दोघे मिळून हवा कोंबायला लागतात. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ०.७ बारच्या आसपास, या खांदेपालटाच्या वेळी किंचित खाली येऊन पुन्हा वर. हे सगळं १९९१ मध्ये, म्हणजे झडपा हलवायला व्हॅक्युमवर आणि बूस्टवर चालणारे डबे, त्यांना हवा सोडणारे सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपा), आणि इंजिनमध्ये व्हॅक्युम नसतानाही काम चालावं म्हणून व्हॅक्युमची आणि प्रेशरची वेगवेगळी टाकी. प्रत्येकाला दोन-तीन नळ्या. हिशेब करा.

त्यात रोटरीची खोड अशी की या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात. म्हणजे हे नळ्यांचं जाळं थेट टर्बोंच्या डोक्यावर भाजत बसलेलं. पंचवीस-तीस वर्षांत तिथलं रबर वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखं होतं. एका नळीला हात लावला की शेजारच्या दोन कडकन मोडतात. मूळचे टर्बो ठेवणाऱ्यांचीही निम्मी दुखणी यातूनच येतात.

सिंगल टर्बो केला की यातला बहुतेक पसारा जातो, आणि इथेच नवखा माणूस फसतो. ‘सिंगल म्हणजे नळ्यांची कटकटच नाही’ असं ऐकून तो सगळं उपटतो, दिसेल त्या निपलला (नळी चढवायच्या तोटीला) टोपी घालतो आणि किल्ली फिरवतो. प्रत्यक्षात सात-आठ नळ्या उरतात. पूर्वी एखादी निसटली तर बहुतेक वेळा दुसरा टर्बो नीट लागायचा नाही, एवढंच. आता उरलेल्यांपैकी तीन अशा आहेत की त्यातली एक निसटली तर इंजिन जातं.

प्रत्येक नळीला तिचा पत्ता विचारा

आकृती पाठ करू नका. आकृती कुणा दुसऱ्याच्या गाडीची असते. त्याऐवजी एवढं डोक्यात बसवा की इंजिनात येणाऱ्या हवेच्या वाटेवर तीनच पत्ते आहेत.

पहिला पत्ता, थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या आत. गाडी स्लोवर असताना इथे व्हॅक्युम असतो, रेस केली की बूस्ट. इंजिनाला खरोखर काय मिळतंय ते इथेच कळतं.

दुसरा पत्ता, टर्बो आणि थ्रॉटल यांच्या मधला पाइप, इंटरकूलर धरून. इथे व्हॅक्युम जवळजवळ कधीच नसतो. पायाखालचं पेडल झटकन सोडलं की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम होतो, पण इथे क्षणभर हवा तुंबलेलीच राहते.

तिसरा पत्ता, एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मध्ये. बाहेरच्याइतकाच दाब, भर वेगात किंचित कमी, आणि हवा गाळलेली.

नळी हातात घेतली की विचारायचं, तुला यातली कुठली हवा हवी? उत्तर आलं की निम्मं काम झालं.

उपटण्याआधी

फोटो काढा. मग अजून काढा. प्रत्येक नळीला मास्किंग टेपचा तुकडा लावून दोन्ही टोकांवर एकच आकडा लिहा. सगळं काढूनच टाकायचं तर हे कशाला, असं वाटेल. कारण उरणाऱ्या सात-आठ नळ्या त्या गुंत्यातूनच निघतात, आणि तीन शनिवारांनंतर कुठली कुठली होती हे आठवत नाही.

गाडी चालू स्थितीत असेल तर आधी स्लोवरचं व्हॅक्युम मोजून ठेवा. मूळ पोर्टिंगचं ठणठणीत इंजिन मॅनिफोल्डमध्ये साधारण ४० ते ५० किलोपास्कल दाब दाखवतं (बाहेरच्या हवेचा सुमारे १०० धरून). पुढे काम झाल्यावर हाच आकडा तुमचा साक्षीदार. जमल्यास कॉम्प्रेशनही मोजून घ्या, पण रोटरीला वेगळा टेस्टर लागतो, जो रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे देतो. साधा पिस्टन इंजिनाचा गेज तिघांतला सर्वांत मोठा आकडा दाखवून तुम्हाला खूश करतो.

वरचा मॅनिफोल्ड उचलला की त्याच क्षणी खालच्या उघड्या पोर्टना स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं कोंबा आणि वरून टेप मारा. एक छोटा नट आत पडला तर अख्खं इंजिन उघडावं लागेल. मला विचाराल तर नटसुद्धा मोजून डबीत ठेवा. मॅनिफोल्डचं गॅस्केट नवीन आणा, जुनं परत लावायचा कंजूषपणा नको.

ऑइल मीटरिंग पंपाच्या बारीक प्लॅस्टिकच्या नळ्यांना या सगळ्यात धक्का लागू देऊ नका. त्या रोटरपर्यंत तेल नेतात आणि वयामुळे इतक्या ठिसूळ झालेल्या असतात की नुसतं कोपर टेकलं तरी तुटतात. तुटली तर तिथल्या ॲपेक्स सीलला (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना) तेल मिळत नाही, आणि ते तुम्हाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

काय जातं

सोलेनॉइडचा रॅक, दोन्ही टाक्या, टर्बो कंट्रोल आणि चार्ज कंट्रोलचे डबे, मूळच्या वेस्टगेटची (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची) आणि प्रीकंट्रोलची व्यवस्था, हे सगळं जातं. दुय्यम थ्रॉटल प्लेट ओढणारा डबाही बहुतेक जण काढतात. मूळ ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठेवून हे करायच्या भानगडीत पडू नका. त्याला गायब झालेले सोलेनॉइड समजत नाहीत आणि नवा टर्बोही समजत नाही. पॉवर एफसी, हॉलटेक, इथल्या क्राइस्टचर्चचा लिंक, यांपैकी काहीतरी लागणारच, आणि ट्यूनर आधी ठरवून मग ईसीयू घ्यावा, उलट नाही.

पेट्रोलच्या वाफा साठवणारा कोळशाचा डबा मात्र ठेवा. त्याची पर्जची नळी पहिल्या पत्त्यावर, मध्ये एकदिशा व्हॉल्व्ह, म्हणजे बूस्टमध्ये हवा उलटी डब्यात जाणार नाही. काढून टाकणारे म्हणतात वजन वाचतं. वाचतं तेवढं वजन आपण सकाळच्या नाश्त्यात भरून काढतो, आणि गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येत राहतो तो वेगळाच.

तीन नळ्या ज्यांना वाटेकरी नको

यांना प्रत्येकी स्वतंत्र निपल द्या. टी (तीन तोंडांचा जोड) घालून दुसरं काही जोडू नका. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पेडल सोडलं की तुंबलेली हवा बाहेर सोडणारा) एकाच टीवर घेतले होते, नळी कमी लागली म्हणून खूशही होतो. पेडल सोडलं की ब्लो-ऑफचा डबा हवा ओढायचा, सेन्सरचं वाचन थरथरायचं आणि गाडी मिसिंग करायची. दोन आठवडे मी प्लग बदलत बसलो.

पहिली, मॅप सेन्सरची. पत्ता पहिला. एफडीमध्ये हवा मोजणारा एअरफ्लो मीटर नाही. मॅनिफोल्डमध्ये किती दाब आहे, एवढ्यावरून ईसीयू पेट्रोल आणि टायमिंग ठरवतो. म्हणजे ही नळी त्याचे डोळे. हिला बारीक भोक पडलं तर काय होईल बघा. स्लोवर बाहेरची हवा नळीत शिरते, सेन्सरला दाब आहे त्यापेक्षा जास्त वाटतो, ईसीयू जास्त पेट्रोल देतो, गाडी काळपट धूर सोडते. नवखा माणूस म्हणतो, रिच चालतेय, म्हणजे सुरक्षित आहे. पण बूस्टमध्ये तीच हवा भोकातून बाहेर जाते, सेन्सरला दाब कमी वाटतो, आणि ईसीयू पेट्रोल कमी करून टायमिंग पुढे नेतो. नेमकं जिथे पेट्रोल हवं तिथे इंजिन लीन. रोटरीला डेटोनेशनचे, म्हणजे पेट्रोलच्या अवेळी भडक्याचे, दोन-चार ठोकेही ॲपेक्स सील तोडायला पुरतात. तेव्हा ही नळी आखूड, जाड भिंतीची, मॅनिफोल्डच्या प्लेनमवरून (सगळ्यांच्या सामाईक हवेच्या पेटीवरून) घेतलेली असावी. एखाद्या एकट्या रनरवरून (एका रोटरकडे जाणाऱ्या वाटेवरून) घेऊ नका, तिथे त्या एका रोटरचे हेलकावे येतात.

दुसरी, फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची. हिचाही पत्ता पहिला. इंजेक्टरच्या आत जेवढा दाब आणि बाहेर मॅनिफोल्डमध्ये जेवढा दाब, यांतला फरक कायम ठेवणं हे रेग्युलेटरचं काम. समजा बेस प्रेशर ३ बार लावलंय. १ बार बूस्ट आला की रेग्युलेटरने ते ४ बार करायला हवं. नळी निसटली तर ते ३ वरच राहतं, फरक उरतो २ बार. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं, म्हणजे जवळपास १८ टक्के पेट्रोल कमी. तेही ईसीयूला पत्ता न लागता, कारण त्याच्या लेखी इंजेक्टर बरोबर तेवढाच वेळ उघडलाय.

मूळ गाडीत या नळीच्या वाटेत एक सोलेनॉइड असतो. गरम इंजिन पुन्हा सुरू करताना तो व्हॅक्युम तोडून पेट्रोलचा दाब थोडा वाढवतो, म्हणजे रेलमध्ये वाफ धरत नाही. सिंगलमध्ये तो काढून रेग्युलेटर थेट मॅनिफोल्डला जोडतात. मग पेट्रोल पंपावर दहा मिनिटं थांबून गाडी सुरू करताना जरा कुरकुरली तर घाबरू नका. ट्यूनरला गरम स्टार्टसाठी थोडं पेट्रोल वाढवायला सांगा.

तिसरी, वेस्टगेटची. हिचा पत्ता दुसरा: कॉम्प्रेसरच्या तोंडावरचा निपल, किंवा तिथून निघणारा पाइप. मॅनिफोल्डवरून घेऊ नका. वेस्टगेट टर्बोला आवर घालतो, त्याला टर्बो काय करतोय ते थेट कळायला हवं, थ्रॉटलच्या पलीकडून गाळून आलेली बातमी नको.

वेस्टगेट: इथे जरा बसा

सिंगल किटमध्ये बहुतेक वेळा बाहेरचा वेस्टगेट असतो आणि त्याला दोन तोंडं असतात. खालच्या तोंडात दाब आला की तो स्प्रिंगच्या विरुद्ध ढकलून झडप उघडतो. वरच्या तोंडात दाब आला की तो स्प्रिंगला मदत करून झडप बंद धरतो. खालची नळी निसटली किंवा जळली तर झडप उघडतच नाही आणि बूस्ट वाढतच जातो. वरची निसटली तर बूस्ट स्प्रिंगइतकाच राहतो. म्हणून जी काही काळजी घ्यायची ती खालच्या नळीची.

पहिल्या दिवशी बूस्ट कंट्रोलर जोडूच नका. खालचं तोंड कॉम्प्रेसरला, वरचं तोंड उघडं. उघडं म्हणजे उघडंच. धूळ जाऊ नये म्हणून काही जण तिथे घट्ट टोपी घालतात. मग झडप उघडताना वरच्या बाजूची हवा कोंडते, स्प्रिंगला जास्तीचा जोर मिळतो आणि बूस्ट ठरवल्यापेक्षा वर जातो. फार तर एक वीतभर नळी लावून तिचं तोंड खाली करा.

नंतर तीन तोंडांचा सोलेनॉइड लावाल तेव्हा तोंडांवरच्या आकड्यांवर विसंबू नका, बनवणाऱ्यागणिक ते बदलतात. वायर न जोडता एकेका तोंडात फुंकून बघा. वीज नसताना जी दोन तोंडं एकमेकांना जोडलेली असतात त्यातलं एक वेस्टगेटच्या वरच्या तोंडाकडे आणि दुसरं बाहेरच्या हवेत गेलं पाहिजे. उरलेल्या तिसऱ्यात बूस्ट. याचा अर्थ फ्यूज उडाला, वायर तुटली, तरी वरच्या बाजूला दाब जाणार नाही आणि गाडी स्प्रिंगच्या बूस्टवर घरी येईल. उलटं जोडलं तर वायर तुटण्याच्या दिवशीच बूस्ट सर्वांत जास्त असेल.

वेस्टगेटपाशी नळी टिकत नाही ही तक्रार सर्रास ऐकू येते. टिकणार कशी? रोटरीचा एक्झॉस्ट फार तापतो आणि वेस्टगेट त्याच्याच मांडीवर बसलेला असतो. तिथे सिलिकॉनची नळी थेट लावायची नाही. शेवटचा हातभर भाग स्टीलच्या जाळीत गुंफलेल्या टेफ्लॉन होजचा, किंवा तांब्याच्या अथवा स्टेनलेसच्या बारीक नळीचा करा, आणि मऊ नळीशी जोड थंड बाजूला आणा. केबल टाय तर तिथे नकोच, वितळतो.

बाकीच्या नळ्या

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं वरचं तोंड पहिल्या पत्त्यावर. थ्रॉटल बंद होताच मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम होतो आणि तो डबा उचलतो. ही नळी चुकून दुसऱ्या पत्त्यावर लागली तर डब्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो, व्हॉल्व्ह उघडत नाही आणि टर्बोतून कोंबडं आरवल्यासारखा फडफडाट येतो. नळी ६ मिलिमीटरची आणि आखूड ठेवा. एअरफ्लो मीटर नसल्यामुळे हवा बाहेर सोडली तरी ईसीयूचा हिशेब बिघडत नाही.

ब्रेक बूस्टरची जाड नळी थेट मॅनिफोल्डला, एकदिशा व्हॉल्व्हसकट. व्हॉल्व्ह तपासायचा तो तोंडाने फुंकून: हवा बूस्टरकडून मॅनिफोल्डकडे जायला हवी, उलट नाही. या नळीवर गेज, कंट्रोलर, काही म्हणजे काही लटकवू नका. काम झाल्यावर इंजिन बंद करून पेडल दाबा. पहिले दोन-तीन दाब मऊ लागले तर ठीक. पहिलाच दगडासारखा लागला तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

ऑइल फिलरच्या मानेवरचे निपल कॅच कॅनला (तेलाची वाफ धरणाऱ्या डब्याला) न्या. कॅनची वाफ फिल्टरमधून बाहेर किंवा तिसऱ्या पत्त्यावर. पहिल्या पत्त्यावर मोकळी नळी कधीच नाही, कारण बूस्टमध्ये इंजिनाच्या पोटात हवा भरते, टर्बोचं तेल परत यायचं थांबतं आणि ते सीलमधून एक्झॉस्टला जातं. मागून निळा धूर दिसला की लोक नवा टर्बोच बदलायला काढतात.

आता ती नळी जी जवळजवळ सगळे विसरतात. ऑइल मीटरिंगच्या नोझलला तेलाच्या नळीखेरीज हवेचीही एक बारीक वाट असते. तिला तिसरा पत्ता लागतो, टर्बोच्या आधीची गाळलेली हवा. टोपी घातली किंवा मॅनिफोल्डला जोडली, तर इंजिनाचा व्हॅक्युम नळीतलं तेल नको तेव्हा ओढून घेतो. म्हणून टर्बोच्या इनटेक पाइपवर एक छोटा निपल वेल्डिंग करून घ्यायला विसरू नका. पाइप रंगवून झाल्यावर आठवलं तर चडफडायला होतं, हे अनुभवाचे बोल. काही जण पंपच काढून पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं तेल मिसळतात. मग ही नळीही जाते. पण प्रत्येक टाकीला तेल मोजून घालायची शिस्त अंगी असेल तरच.

बूस्ट गेज फार काही मागत नाही, उरलेल्या कुठल्याही पहिल्या पत्त्याच्या निपलवर चालतो.

निपल, बूच आणि आटे

मॅनिफोल्डवर जुने निपल बरेच, पण हवे तिथे असतीलच असं नाही. नवीन भोक पाडायचं तर मॅनिफोल्ड गाडीवरून उतरवून. बसवलेल्यावर ड्रिल चालवून, भुशीला ग्रीस लावून पकडतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आट्यांची एक गंमत, जी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये हमखास गाठते. १/८ इंचाचा एनपीटी आणि १/८ इंचाचा बीएसपी हे दिसायला जुळे भाऊ. एकाला इंचामागे २७ आटे, दुसऱ्याला २८. एकमेकांत दोन-तीन फेरे आरामात बसतात, मग घट्ट होतात, आणि वाटतं छान बसलं. बूस्टमध्ये गळतात. हार्डवेअरच्या दुकानातला निपल बहुधा बीएसपी आणि अमेरिकन किटमधला एनपीटी असतो, तेव्हा निपल आणि आटे पाडायचा टॅप दोन्ही एकाच ठिकाणाहून घ्या. सील करायला पातळ थ्रेड सीलंट वापरा. टेफ्लॉन टेपचे तुकडे सुटून बारीक नळीत अडकतात.

नको असलेला निपल बंद करायला रबरी टोपी ही तात्पुरती सोय आहे. उष्णतेने ती तडकते, बूस्टने उडते. निपल काढून तिथे आट्यांचं बूच बसवणं उत्तम. ते शक्य नसेल तर जाड सिलिकॉनची टोपी आणि वर क्लिप. मी घेतलेल्या गाडीत आधीच्या कुणीतरी एका नळीत लाकडी फर्निचरचा स्क्रू पिळून ठेवला होता. चालत होतं, हे मान्य.

नळी कुठली, वाट कुठली

बारीक कामांना आतून ४ मिलिमीटर आणि निदान अडीच मिलिमीटर जाड भिंतीची सिलिकॉन नळी घ्या. स्वस्त, पातळ भिंतीची नळी व्हॅक्युममध्ये चपटी होते, आणि वळणावर तर नक्कीच. नळी निपलवर जरा ओढूनताणून चढली पाहिजे. सहज सरकली तर मोठी आहे.

सिलिकॉन उष्णता सोसतं, पण तेल आणि पेट्रोल सोसत नाही, फुगतं. म्हणून कॅच कॅनच्या आणि कोळशाच्या डब्याच्या नळ्या तेला-पेट्रोलच्या रबराच्याच हव्यात. सगळीकडे एकाच निळ्या रंगाची सिलिकॉन नळी फोटोत सुंदर दिसते. माझं मत उलट आहे: प्रत्येक पत्त्याला वेगळा रंग ठेवा. पहिल्याला निळा, दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला काळा. सहा महिन्यांनी रात्री टॉर्च मारून शोधताना याचे आभार मानाल.

वाट ठरवताना टर्बोच्या गरम घरापासून निदान चार बोटांचं नव्हे, चांगलं वीतभर अंतर. तेवढं नसेल तर हीट शील्ड आणि नळीवर उष्णतारोधक बाही. थ्रॉटलची केबल, बेल्ट आणि पंखा यांच्यापासून लांब. इंजिन रबरी माउंटवर हलतं, त्यामुळे इंजिनावरून बॉडीवर जाणाऱ्या नळीला थोडी ढील द्या. क्लिप स्प्रिंगची वापरा. स्क्रूची क्लिप मऊ सिलिकॉनमध्ये रुतते आणि पुढे तिथेच चीर जाते.

सुरू करण्याआधी फुगवून बघा

टर्बोच्या तोंडावर बसेल असं झाकण करा, त्याला टायरचा व्हॉल्व्ह लावा आणि कॉम्प्रेसरने हवा भरा, मध्ये रेग्युलेटर ठेवून. आधी ०.३ बार, सगळं ठीक असेल तर हळूहळू स्प्रिंगच्या बूस्टपर्यंत. थ्रॉटल उघडा धरून ठेवा, नाहीतर हवा तिथेच थांबते आणि मॅनिफोल्डच्या नळ्या तपासल्याच जात नाहीत. तिसऱ्या पत्त्यावरच्या नळ्या तेवढ्यापुरत्या बंद करा, तेलाची डिपस्टिक उडणार नाही याकडे लक्ष द्या.

मग साबणाचं पाणी आणि ब्रश. इंजिनातून एक्झॉस्टला थोडी हवा जाणारच, रोटर कुठे थांबलाय त्यावर ते असतं. तो फुसफुस आवाज सोडून द्या आणि बुडबुडे शोधा.

यानंतर इंजिन सुरू न करता नुसती किल्ली. मॅप सेन्सरने बाहेरचा दाब दाखवला पाहिजे. ऑकलंडला समुद्रसपाटीवर सुमारे १०० किलोपास्कल. पुण्यात, ५६० मीटर उंचीवर, ९५ च्या आसपास दिसेल, तो सेन्सरचा दोष नव्हे.

सुरू केल्यावर स्लोवरचं व्हॅक्युम सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडा. रेग्युलेटरची नळी क्षणभर काढा, पेट्रोलचा दाब अर्ध्या बारने तरी वर गेला पाहिजे. नाही गेला तर ती नळी कुठे जोडलीय ते पुन्हा बघा. स्लो उगाच चढा राहत असेल तर मॅनिफोल्ड कुठूनतरी हवा खेचतोय.

रस्त्यावर पहिल्यांदा ईसीयूमध्ये ओव्हरबूस्ट कट (बूस्ट फार चढला की इंजिन आवरणारी मर्यादा) स्प्रिंगच्या बूस्टपेक्षा ०.२ बार वर लावून जा. शेजारी कुणाला तरी गेज बघायला बसवा, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू पेडल दाबा, आणि बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यावर थांबतो का ते पाहा. थांबला नाही तर पेडल सोडा, दुसरा प्रयत्न नको. घरी आल्यावर बॉनेट उघडून वेस्टगेटच्या खालच्या नळीला आधी हात लावा, अर्थात गार झाल्यावर. आठवडाभराने सगळ्या क्लिपा पुन्हा तपासा, नवीन सिलिकॉन पहिल्या काही उष्ण-थंड फेऱ्यांत थोडं बसतं.

आणि काढलेला सोलेनॉइडचा रॅक फेकू नका. त्यावर गाडीचं मॉडेल लिहून खोक्यात ठेवा. एफडी पुन्हा मूळ स्वरूपात आणणारे लोक वाढताहेत, आणि चालू असलेल्या सोलेनॉइडला ते इतके पैसे देतात की त्यात तुमच्या नव्या नळ्यांचा खर्च सुटतो.